अतिसंवाहकावरील चुंबकीय तरंगणे: त्याचा रोजच्या जीवनात कोठे उपयोग होईल आणि कोठे होणार नाही

प्रश्न असा आहे. चुंबकांच्या वर्तुळाकार पट्टीवर एक गारठलेली काळी चकती तरंगत गोल गोल फिरते आणि पट्टी उलटी धरली तरी खाली पडत नाही, अशी चित्रफीत पाहून प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे कशामुळे घडते, याच्या जोरावर माणूस किंवा जड सामान उचलता येईल का, आणि येत असेल तर तरंगत्या खुर्च्या, गाड्या व मांडण्या अजून घरोघरी का दिसत नाहीत. मी बरीच वर्षे कमी तापमानाच्या प्रयोगशाळेत अतिसंवाहकांसोबत, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विद्युतरोध नाहीसा होणाऱ्या पदार्थांसोबत, काम करीत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. उचलण्याची ताकद या पदार्थांत भरपूर आहे, अडचण तेथे मुळीच नाही. अडचण आहे ती अतिसंवाहक सतत थंड ठेवण्याची आणि त्याच्या खाली चुंबकांचा मार्ग अंथरण्याची. या दोन अटी जेथे फारसा जादा खर्च न करता पुऱ्या होतात, तेथे हे तंत्र आजही कामाला लागलेले आहे. जेथे होत नाहीत, तेथे ते प्रदर्शनापलीकडे जाणे कठीण आहे.

प्रथम साध्या चुंबकांविषयी. दोन चुंबकांचे समान ध्रुव समोरासमोर आणले की ते एकमेकांना दूर ढकलतात, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही एका चुंबकावर दुसरा मोकळा तरंगत ठेवण्याचा प्रयत्न केला, तर वरचा चुंबक एकतर बाजूला घसरतो किंवा उलटून खालच्याला चिकटतो. हा हाताच्या कौशल्याचा दोष नव्हे. सॅम्युएल अर्नशॉ यांनी 1842 मध्ये गणिताने दाखवून दिले की अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होणाऱ्या बलांच्या आधारे, केवळ स्थिर आणि न बदलणाऱ्या स्रोतांच्या रचनेतून, कोणतीही वस्तू सर्व दिशांनी स्थिर राहील असा समतोल मिळत नाही. एका दिशेने स्थैर्य आणले की ते दुसऱ्या दिशेने हातचे जाते. यातून सुटण्याच्या वाटा मोजक्या आहेत. विद्युतचुंबक वापरून, अंतर मोजणाऱ्या संवेदकाच्या मदतीने त्यातील प्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त करता येतो. टेबलावर तरंगणारे शोभेचे पृथ्वीगोल याच तत्त्वावर चालतात. किंवा चुंबकीय क्षेत्राला विरोध करणारा, म्हणजे प्रतिचुंबकीय, पदार्थ वापरता येतो, कारण त्याचे चुंबकत्व कायमचे ठरलेले नसते, ते क्षेत्रानुसार बदलते आणि म्हणून अर्नशॉ यांचा नियम त्याला लागू होत नाही. पाणी, ग्राफाइट, बिस्मथ हे सारे अत्यंत क्षीण प्रतिचुंबकीय पदार्थ आहेत. हा परिणाम किती क्षीण असतो, याची कल्पना 1997 मध्ये नेदरलँड्समधील नायमेखेन येथे जिवंत बेडूक तरंगवण्याच्या प्रयोगातून येते: त्यासाठी सुमारे 16 टेस्लाचे क्षेत्र लागले होते (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक). अतिसंवाहक हा प्रतिचुंबकत्वाच्या बाबतीत या पदार्थांच्या कित्येक हजारपट पुढे असतो.

अतिसंवाहकतेचा शोध 1911 मध्ये लायडन येथे हाइके कामेर्लिंग ओन्स यांना लागला. पारा 4.2 केल्विन, म्हणजे सुमारे उणे 269 अंश सेल्सियसपर्यंत थंड केल्यावर त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. मात्र केवळ रोध शून्य होण्याने तरंगण्याचा पूर्ण उलगडा होत नाही. ज्याचा रोध फक्त शून्य आहे, असा काल्पनिक आदर्श वाहक चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड केला, तर आतले क्षेत्र आतच कोंडून राहील. खरा अतिसंवाहक तसे करीत नाही. 1933 मध्ये बर्लिन येथे वाल्टर माइस्नर आणि रॉबर्ट ऑक्सेनफेल्ड यांनी कथिल व शिसे यांवर प्रयोग करून दाखवले की थंड होताना हे पदार्थ आतले क्षेत्र बाहेर ढकलून देतात. पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात आपोआप प्रवाह वाहू लागतात आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राला आत शिरू देत नाही. चुंबक जवळ आणला की हे प्रवाह वाढतात, दूर नेला की कमी होतात. कोणताही संवेदक किंवा नियंत्रक न बसवता ही दुरुस्ती घडत राहते.

चित्रफितीत दिसते ते मात्र एवढ्याने समजत नाही, आणि अनेक लोकप्रिय लेखांत येथेच गफलत होते. शुद्ध माइस्नर परिणाम फक्त ढकलतो. सपाट शिशाच्या पत्र्यावर चुंबक ठेवला तर तो वर उचलला जाईल, पण कडेने घसरून जाईल. म्हणूनच अशा जुन्या प्रयोगांत शिशाला खोलगट वाटीचा आकार देत असत. शिवाय शिसे सुमारे 0.08 टेस्लाहून अधिक क्षेत्र सहन करू शकत नाही, त्यापुढे त्याची अतिसंवाहकताच नष्ट होते. पट्टीखाली उलटे लटकणे हे तर निव्वळ ढकलण्याने होणारच नाही, कारण तेथे वस्तूला वर ओढून धरावे लागते.

ते काम दुसऱ्या प्रकारचे अतिसंवाहक करतात. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, या पदार्थांत एका मर्यादेपलीकडे चुंबकीय क्षेत्र शिरते खरे, पण सरसकट शिरत नाही. ते अतिशय बारीक बलरेषांच्या रूपात शिरते. प्रत्येक बलरेषेभोवती अतिसंवाहक प्रवाहाचा एक भोवरा फिरत असतो आणि प्रत्येकीत चुंबकीय अभिवाहाचे (फ्लक्सचे) ठरलेले, निसर्गनियमाने निश्चित झालेले माप असते: 2.07 गुणिले 10 चा उणे 15 वा घात वेबर. पदार्थात 0.5 टेस्लाचे क्षेत्र असेल, तर 1 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळातून अशा सुमारे 24 अब्ज बलरेषा जातात. पदार्थ अगदी निर्दोष असता तर त्या सहज इकडून तिकडे सरकल्या असत्या. पण त्यात सूक्ष्म दोष असतील, म्हणजे परके कण, स्फटिकरचनेतील खोट किंवा ऑक्सिजनची कमतरता, तर भोवऱ्याचा गाभा अशा दोषाच्या जागी बसणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते, आणि बलरेषा तेथे जखडली जाते. आता अतिसंवाहक वर न्या, खाली न्या वा बाजूला न्या. जखडलेल्या बलरेषा ताणल्या जातात आणि त्याला मूळ जागी परत खेचतात. ढकलणे आणि ओढणे या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात. म्हणजे ज्या दोषांना इतर उद्योगांत कमीपणा मानतात, ते येथे मुद्दाम आणि काळजीपूर्वक घातले जातात.

यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे काळे, ठिसूळ सिरॅमिक. 1986 मध्ये झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत योहानेस बेडनॉर्त्स आणि अलेक्स म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली आणि 1987 च्या आरंभी इट्रियमच्या संयुगाने सुमारे 93 केल्विनचा टप्पा गाठला. द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, त्यामुळे दुर्मिळ व महाग अशा द्रव हेलियमची गरज संपली आणि हा प्रयोग महाविद्यालयांच्या आवाक्यात आला. येथे एक व्यावहारिक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ विद्यार्थी तिच्यापाशी अडतात. भट्टीत भुकटी दाबून आणि भाजून केलेली साधी वडी छोट्या चुंबकाला थोडेसे उचलते, परंतु त्याला लटकवून धरू शकत नाही, कारण तिच्यातील असंख्य कणांच्या सीमा ओलांडताना प्रवाह तुटतो. लटकवण्यासाठी लागते ती वितळवून, वर एक बीज-स्फटिक ठेवून, तासाला जेमतेम अंशभर इतक्या धिम्या गतीने गोठवलेली वडी. तिच्यात मुद्दाम मिसळलेल्या हिरव्या रंगाच्या दुसऱ्या एका संयुगाचे बारीक कण बलरेषा जखडण्याचे काम करतात. त्यानंतर तिला कित्येक दिवस ऑक्सिजनमध्ये तापवत ठेवावे लागते. ज्या चित्रफितीमुळे हा विषय सर्वदूर पोहोचला, ती 2011 साली तेल अवीव विद्यापीठातून आली. तिच्यात मात्र अशी वडी नव्हती, नीलमण्याच्या चकतीवर मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा अतिसंवाहक थर चढवलेला होता.

प्रयोग जवळून पाहिला तर बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. वडी आणि चुंबक यांच्यामध्ये पाचएक मिलिमीटर जाडीचा लाकडी तुकडा ठेवावा आणि मग थर्मोकोलच्या भांड्यातील वडीवर द्रव नायट्रोजन ओतावा. सुरुवातीला नायट्रोजन जोराने खदखदतो. वडीचे तापमान उतरत जाते तसे उकळणे मंदावते, आणि शेवटी वडीच्या अंगालगतचा बाष्पाचा थर मोडताना क्षणभर पुन्हा खळबळ होऊन सारे शांत होते. मग लाकडी तुकडा काढून घ्यावा. चुंबक जवळजवळ त्याच उंचीवर राहतो, कारण थंड होताना जे क्षेत्र वडीत होते तेच आता तिच्यात जखडलेले आहे. हाताने दाबले तर तो विरोध करतो आणि वर ओढले तरीही विरोध करतो. वडी चुंबकापासून दूर ठेवून थंड केली आणि नंतर चुंबक जवळ आणला, तर ढकलण्याचा जोर अधिक मिळतो, पण लटकण्याची पकड कमी मिळते. म्हणजे तरंगण्याची उंची आणि पकडीचा स्वभाव हे दोन्ही थंड करण्याच्या पद्धतीवरून ठरतात. गोल चुंबक स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला तर तो बराच वेळ फिरत राहतो, कारण त्या फिरण्याने वडीला जाणवणारे क्षेत्र बदलत नाही. चित्रफितीतील चकती पट्टीच्या लांबीच्या दिशेने मुक्तपणे धावते ती याच कारणाने: लांबीच्या दिशेने क्षेत्र एकसारखे ठेवलेले असते, रुंदीच्या दिशेने ध्रुव आलटून पालटून बसवलेले असतात, त्यामुळे पुढे-मागे वाट मोकळी आणि बाजूला मजबूत अटकाव. वडी तापू लागली की चुंबक एकदम कोसळत नाही. जखडण्याची शक्ती ओसरत जाते तसा तो हळूहळू खाली बसतो.

आता वजनाचा प्रश्न. चुंबकीय क्षेत्राचा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 0.5 टेस्लाला तो जवळपास एका वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम वजन पेलण्याइतका असतो. वर सांगितलेल्या शिशासाठी, 0.08 टेस्लाच्या मर्यादेत, तोच आकडा केवळ 26 ग्रॅमच्या आसपास येतो. चांगल्या निओडिमियम चुंबकांच्या पृष्ठभागाशी मात्र 0.5 टेस्लाच्या आसपासचे क्षेत्र मिळते. अंतर वाढताच क्षेत्र झपाट्याने घटते, त्यामुळे प्रत्यक्षात या आदर्श आकड्याचा एक हिस्साच हाती लागतो. तरी पुरेशा वड्या मांडल्या की माणूस सहज उचलला जातो. टोकियोतील एका प्रयोगशाळेने अशा चबुतऱ्यावर सुमो मल्ल उभा करून दाखवला होता. या उचलून धरण्याला ऊर्जाही लागत नाही, कारण स्थिर बल कोणतेही कार्य करीत नाही आणि अतिसंवाहकातील प्रवाह वाहता ठेवण्यासाठी बाहेरून काहीही पुरवावे लागत नाही.

दोन मर्यादा मात्र अभियंत्याला विसरता येत नाहीत. जोराने दाबून सोडल्यावर वस्तू अगदी पूर्वीच्याच जागी परत येत नाही, कारण काही बलरेषा आपली जागा बदलून दुसऱ्या दोषांवर जाऊन बसलेल्या असतात. आणि काही न करता ठेवली तरी ती अत्यंत सावकाश खाली येते, कारण उष्णतेच्या हेलकाव्यांनी एखादी बलरेषा अधूनमधून सुटत राहते. हा बदल काळाच्या लॉगरिदमप्रमाणे मंदावत जातो, म्हणून बहुतेक कामांना तो चालतो. शिवाय वडी ठरवलेल्या तापमानापेक्षा आणखी थोडी थंड केली की तो जवळजवळ थांबतो. तिसरी एक बाब म्हणजे ताठरपणा. पोलादी बेअरिंगच्या तुलनेत हा आधार पुष्कळच लवचिक असतो, त्यामुळे जेथे मायक्रोमीटरभरही हालचाल चालत नाही, अशा यंत्रांत तो एकट्याने पुरत नाही.

खरा हिशेब थंडाव्याचा आहे. द्रव नायट्रोजनचे 1 लिटर पूर्ण उकळून जायला सुमारे 160 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे भांड्यात केवळ 1 वॉट उष्णता झिरपत असेल, तरी दिवसाला अर्धा लिटरहून थोडा अधिक नायट्रोजन उडून जातो, आणि उघड्या थर्मोकोलच्या भांड्यात 1 वॉटपेक्षा बरीच जास्त उष्णता शिरते. यंत्राने थंड ठेवायचे म्हटले, तर 77 केल्विनवरून 1 वॉट उष्णता उपसून खोलीच्या तापमानाला टाकण्यासाठी सिद्धांतानुसार किमान 2.9 वॉट वीज लागते. लहान शीतक यंत्रे आदर्शापासून दूर असल्याने प्रत्यक्षात 15 ते 30 वॉट लागतात. 4 केल्विनला तेवढेच काम करणारे यंत्र कित्येक किलोवॉट खाते. आता तरंगत्या खुर्चीचा विचार करा. तिच्या तळाशी निर्वात आवरणात बंद केलेल्या वड्या, त्यांना अहोरात्र थंड ठेवणारे यंत्र किंवा रोज भरावा लागणारा नायट्रोजन, आणि खाली संपूर्ण फरशीभर शक्तिशाली चुंबक. ते चुंबक परिसरातला प्रत्येक खिळा, टाचणी, लोखंडाचा कीस ओढून घेतील, आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला त्या खोलीत येणे धोक्याचे ठरेल. एवढे करून मिळणार काय, तर जी खुर्ची चार चाकांवर तितक्याच सहज सरकते ती. तंत्र शक्य असणे आणि ते करण्यात अर्थ असणे, या दोन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या होतात. 2015 मध्ये लेक्सस कंपनीने दाखवलेली तरंगती फळी खरोखर अतिसंवाहक वड्या आणि द्रव नायट्रोजन यांवर चालत होती, परंतु ती फक्त तेथेच चालत होती, जेथे जमिनीखाली चुंबकांचा मार्ग गाडून ठेवला होता.

रेल्वेविषयी बोलताना तीन निरनिराळी तंत्रे एकाच नावाखाली येतात, म्हणून ती वेगळी करणे आवश्यक आहे. शांघाय विमानतळाची चुंबकीय गाडी, जी 431 किलोमीटर प्रतितास इतक्या कमाल वेगासाठी प्रसिद्ध झाली, तिच्यात अतिसंवाहक नाहीत. ती साध्या विद्युतचुंबकांवर आणि सतत चालणाऱ्या नियंत्रणावर तरंगते, आणि तिचे अंतर केवळ 1 सेंटिमीटरच्या आसपास असते. जपानची गाडी, जिने 21 एप्रिल 2015 रोजी यामानाशीच्या चाचणी मार्गावर 603 किलोमीटर प्रतितास वेग गाठला, ती अतिसंवाहकांवर आहे. परंतु तिच्यात बलरेषा जखडून तरंगणे नाही. डब्यांमध्ये द्रव हेलियमने थंड केलेली नायोबियम-टायटेनियमची वेटोळी असतात, ती अतिशय प्रबळ चुंबकाचे काम करतात, आणि गाडी धावू लागली की मार्गाच्या दोन्ही भिंतींतील साध्या वेटोळ्यांत प्रवाह निर्माण होऊन ती उचलली जाते. त्यामुळे ती उभी असताना तरंगत नाही. साधारण 150 किलोमीटर प्रतितास वेग येईपर्यंत तिला चाकांवर धावावे लागते. त्याच्या मोबदल्यात सुमारे 10 सेंटिमीटरचे अंतर मिळते, आणि भूकंपप्रवण देशात त्याचे मोल मोठे आहे. चित्रफितीतील चकतीच्या तत्त्वावरची गाडी ही तिसरी. चीनमधील छंग्दू येथे 2000 मध्ये माणसे वाहून नेणारे असे वाहन तयार झाले आणि 2021 मध्ये तेथेच 620 किलोमीटर प्रतितास वेगासाठी आराखडलेला नमुना दाखवण्यात आला. ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या विद्यापीठात 200 मीटरचा छोटा मार्ग आहे, आणि जर्मनीतील ड्रेस्डेन येथेही असे वाहन बांधले गेले. तिचा फायदा असा की ती थांबलेली असतानाही तरंगते आणि तिला नियंत्रक लागत नाही. तोटा असा की संपूर्ण मार्गभर कायम चुंबक अंथरावे लागतात, आणि मार्ग जितका लांब तितका हा खर्च वाढत जातो. माझ्या मते ही तिसरी गाडी अति लांब मार्गापेक्षा विमानतळ, मोठे रुग्णालय किंवा विद्यापीठाचा परिसर अशा मर्यादित अंतरासाठी अधिक योग्य आहे.

येथे एक गैरसमजही दूर व्हावा. तरंगणाऱ्या गाडीला घर्षण नसल्याने ऊर्जा जवळजवळ लागत नाही, असे पुष्कळदा लिहिले जाते. 500 किलोमीटर प्रतितास वेगाला चाकांचे घर्षण हा मोठा खर्च नसतोच. बहुतेक ऊर्जा हवेला बाजूला सारण्यात जाते, आणि हवेला गाडी चाकांवर आहे की चुंबकांवर, याने काही फरक पडत नाही. तरंगण्याचा खरा लाभ म्हणजे झीज नसणे आणि चाक-रुळाची पकड सुटण्याचा प्रश्न न उरणे.

मग हे तंत्र खरोखर उपयोगी कोठे आहे? जेथे वस्तू अखंड फिरत राहायची आहे आणि तिला स्पर्श नको आहे, तेथे. फ्लायव्हील, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकात ऊर्जा साठवणारे यंत्र, याचे उत्तम उदाहरण. साध्या बेअरिंगवर असे चाक घर्षणामुळे साठवलेली ऊर्जा गमावत राहते. 2015 मध्ये जपानमधील यामानाशी येथे एका सौर वीजकेंद्राशी जोडून जे यंत्र चालवण्यात आले, त्यात सुमारे 4 टन वजनाचे कार्बन-तंतूंचे चाक अतिसंवाहक बेअरिंगवर तोललेले होते; त्याची क्षमता 300 किलोवॉट आणि साठा 100 किलोवॉट-तास होता. ढगांमुळे सौर वीज खाली-वर होते, ते चढउतार भरून काढण्यासाठी असे यंत्र रासायनिक बॅटरीपेक्षा अधिक टिकाऊ ठरू शकते, कारण कितीही वेळा भरले-रिकामे केले तरी त्याची झीज फार थोडी होते. थंड ठेवण्याचा खर्च येथेही आहेच, पण तो टनावारी वजनाच्या मानाने लहान पडतो. जेथे थंडावा आधीच आहे, अशा जागी तर हिशेब आणखी सरळ होतो. द्रव हायड्रोजन सुमारे 20 केल्विनला साठवला जातो. त्याच्या पंपात अतिसंवाहक बेअरिंग बसवले, तर वेगळे शीतक यंत्र लागतच नाही आणि वंगणाचाही प्रश्न मिटतो, कारण त्या तापमानाला कोणतेही तेल द्रव राहत नाही. उद्या हायड्रोजनवर चालणारी वाहने वाढली, तर तरंगण्याचे हे तंत्र कोणाच्याही नजरेस न पडता रोजच्या वापरात येईल, असा माझा कयास आहे. हाच प्रकार स्वच्छ कारखान्यांचा. चिपा किंवा औषधे बनवताना धुळीचा कणही चालत नाही; बंद भिंतीच्या एका बाजूला अतिसंवाहक आणि दुसऱ्या बाजूला चुंबकीय तबक ठेवून, भिंतीला भोक न पाडता वस्तू हलवता येते. जर्मनीतील फेस्टो कंपनीने अशी अनेक प्रात्यक्षिके बनवली आहेत.

मला व्यक्तिशः सर्वांत देखणा वाटणारा उपयोग गुरुत्वमापकाचा आहे. नायोबियमची सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची पोकळ गोळी, द्रव हेलियमच्या तापमानाला, अतिसंवाहक वेटोळ्यांच्या क्षेत्रात तरंगत ठेवलेली असते. वेटोळ्यांतील प्रवाह वर्षानुवर्षे न घटता वाहत राहतो, म्हणून ही जणू कधीही न थकणारी स्प्रिंग होते. गुरुत्वाकर्षणात शंभर अब्जांत एक भाग इतका फरक पडला, तरी गोळीच्या स्थानावरून तो कळतो. चंद्र-सूर्यामुळे जमिनीच्या कवचाला येणारी भरती-ओहोटी, भूजलाच्या पातळीतील बदल आणि दूरच्या मोठ्या भूकंपानंतर पृथ्वीचे घुमत राहणे, हे सारे त्यात नोंदले जाते.

अतिसंवाहक रोजच्या जीवनात केव्हाच आलेले आहेत, मात्र तरंगण्याच्या वाटेने नव्हे. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा मोठा चुंबक हा बहुधा नायोबियम-टायटेनियमच्या अतिसंवाहक तारांचाच असतो.

प्रश्नाच्या ओघात कोणीही विचारील की खोलीच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक सापडला तर काय होईल. अतिउच्च दाबाखाली हायड्रोजनयुक्त संयुगांत 250 केल्विनच्या आसपासही अतिसंवाहकता आढळली आहे, परंतु त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या दहा लाखपटीहून अधिक दाब लागतो; हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरलेल्या कणावर कोणी तरंगणार नाही. 2023 च्या जुलै महिन्यात कोरियातील संशोधकांनी एलके-99 नावाच्या पदार्थाविषयी दावा केला आणि अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली. त्या तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती, आणि अनुभवी माणसाला तेवढे पाहूनच शंका यायला हवी होती: लोहचुंबकीय अंश असलेला तुकडाही तसाच उभा राहतो. पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळांनी शुद्ध नमुने बनवले तेव्हा तो अतिसंवाहक नसून विद्युतरोधक निघाला, आणि रोधात दिसलेली मोठी घट कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती हे स्पष्ट झाले. तुकडा तरंगला एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही, ग्राफाइटही तरंगतो. शून्य रोध, क्षेत्रात थंड केल्यावर क्षेत्र बाहेर टाकले जाणे आणि उष्माधारकतेत होणारा बदल, या तिन्ही गोष्टी एकाच नमुन्यात दाखवाव्या लागतात.

आणि समजा, असा पदार्थ खरोखर मिळाला. तरीही त्याच्या संक्रमण तापमानाच्या, म्हणजे ज्या तापमानाखाली तो अतिसंवाहक होतो त्याच्या, अगदी जवळ बलरेषा नीट जखडत नाहीत, त्या उष्णतेने सुटत राहतात. इट्रियमची वडी 77 केल्विनला साधारण 1 ते 2 टेस्ला क्षेत्र कोंडून ठेवते. तशाच कुळातील वड्यांनी 26 केल्विनला, पोलादी कड्याने आवळून, 17.6 टेस्ला कोंडून ठेवलेले आहेत. म्हणून खोलीच्या तापमानाला उपयोगी तरंगणे हवे असेल, तर पदार्थाचे संक्रमण तापमान खोलीपेक्षा बरेच वर असावे लागेल, आणि तो प्रवाह वाहून नेण्यासही सक्षम असावा लागेल. थंड ठेवण्याची अट तेव्हा मिटेल, चुंबकांच्या मार्गाची अट तशीच राहील.

ज्यांना हा प्रयोग स्वतः करून पाहायचा आहे, त्यांनी वडी बनवण्याच्या खटाटोपात न पडता तयार, वितळवून वाढवलेली वडी घ्यावी आणि ती देखरेखीखाली वापरावी. द्रव नायट्रोजनची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे 700 पट वाढते. म्हणून तो घट्ट झाकणाच्या भांड्यात कधीही बंद करू नये, आणि बंद खोलीतही हाताळू नये, कारण तो ऑक्सिजनला हटवतो आणि गुदमरण्याआधी कोणतीही सूचना मिळत नाही. डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे सैल असावेत, म्हणजे आत शिंतोडे गेल्यास झटकन काढता येतील. वडी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्यानेच उचलावी, कारण लोखंडी चिमटा जवळच्या चुंबकाकडे हिसका देऊन ओढला जातो. प्रयोग संपल्यावर थंड वडी उघड्यावर टाकून ठेवली तर हवेतील बाष्प तिच्यावर गोठते, नंतर वितळते आणि हे सिरॅमिक ओलाव्याने हळूहळू खराब होते. ती कोरड्या जागी पूर्ण तापू द्यावी, पुसावी आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट डबीत ठेवावी. इतकी काळजी घेतली तर एकच वडी वर्षानुवर्षे वापरता येते.